कोचचा आकडा

ऑर्लीन टार्पलीनं मक्याच्या पिठात घोळवलेला माशाचा तुकडा कढईत सोडला, तो नीट तळला जायच्या आत उलटला आणि लगेच पुन्हा उलटला. मासा असा छळायचा नसतो हे तिला कुणी सांगायला नको होतं, पण आज तिच्या हाताला स्वस्थता नव्हती. मागच्या व्हरांड्यातून हसण्याचा आवाज आला तशी ती झारा हातात घेऊनच जाळीच्या दाराशी गेली आणि कान देऊन उभी राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे परत धावली.

व्हरांड्यात हसत होता तो व्हर्लन स्टकी. आमच्या बेल्स फेरीच्या ‘क्रॉनिकल’मधलं खेळाचं पान तो एकटाच लिहितो, आणि त्याचं पोट बघून कुणालाही वाटेल की तो फक्त खाण्याबद्दल लिहीत असावा. दरवर्षी ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, एका गुरुवारी तो कोचच्या घरी मासे खायला येतो. त्यानंतरच्या शनिवारी पेपरात भाकीत छापून येतं, की पार्डी कॉलेजचा फुटबॉल संघ यंदा अकरापैकी किती सामने जिंकणार. हे भाकीत गावात पाद्रीबाबांच्या प्रवचनापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचलं जातं, आणि पाद्रीबाबाही ते प्रवचनाआधी वाचतात. आमच्या संघाचं नाव ‘खेचरं’. त्यावरून शेजारचे ब्रॅक्सटनवाले जे बोलतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता कोच म्हणजे ऑर्लीनचा नवरा, हॉलिस टार्पली. हंगामाआधी सगळेच कोच थोडंफार रडतात. आधीच गळा काढून ठेवला की हरल्यावर लोक समजून घेतात आणि जिंकल्यावर खांद्यावर घेतात, एवढं शहाणपण या धंद्यात सगळ्यांना असतं. पण हॉलिसनं रडण्याची कला केली होती. माशाचे काटे काढत काढत तो व्हर्लनला सांगायचा की याचा गुडघा गेलाय, त्याला चष्मा लागलाय, तिसऱ्याचं लक्ष अभ्यासात आहे म्हणजे तो कामातूनच गेला. शेवटी मोठा सुस्कारा सोडून एक आकडा सांगायचा. पाच म्हणाला की गाव त्यात चार मिळवायचं आणि नऊ धरायचं. एका वर्षी तो अगदी तीनवर आला, आणि त्याच वर्षी खेचरं दहा सामने मारून विजेतेपदाची ढाल घेऊन आली. तेव्हापासून गावात पक्कं झालं, की कोच जितका जास्त रडेल तितका संघ तगडा. बाकी खरंखोटं काय, घोडामैदान जवळच असायचं.

एरवी ऑर्लीनला या जेवणात हसू दाबताना पुरेवाट व्हायची. यंदा तिला त्या आकड्याची धास्ती होती.

धास्ती वाटायला कारण मार्लो रेंफ्रो. मार्लो खेचरांचा क्वार्टरबॅक. आमचा फुटबॉल हातानं खेळतात; चेंडू त्याच्या हातात येतो आणि पुढं काय करायचं ते क्षणात त्यानं ठरवायचं. बाकीचे दहा जण त्याच्या मागंपुढं धावणार. हे त्याचं शेवटचं वर्ष. रविवारी चर्च सुटल्यावर कोचच्या घरी संघातल्या पोरांची पंगत बसते, तसा तोही आला होता. कोंबडीवर ताव मारून झाल्यावर भांडी आत आणून ठेवताना, आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदरानं ‘मिस’ म्हणायची रीत आहे त्या रीतीनं, तो म्हणाला,

“मिस ऑर्लीन, अभिनंदन हं. मॅव्हिसला बाळ होणार म्हणे. आत्ताच बाहेर कळलं.”

ऑर्लीननं त्याच्याकडे बघितलं. तिची लेक मॅव्हिस गावातच, तीन गल्ल्या पलीकडे राहते. आदल्याच आठवड्यात तिच्या बाळाचा पाळणा याच मार्लोनं दोन पोरांच्या मदतीनं जिन्यावरून वर चढवला होता. जिन्याच्या वळणावर पाळणा अडकला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसलाही तोच होता.

“पाळणा कुणी नेला रे वर?” तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

तो थांबला. मग हसला, पण ते हसू नेहमीपेक्षा जरा उशिरा आलं.

“मीच की. गंमत केली तुमची.”

ऑर्लीननं चार पोरं वाढवली होती. हातातलं फडकं खाली ठेवून तिनं त्याला खुर्चीत बसवलं. वसंतातल्या सराव सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला होता हे तिला ठाऊक होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्याच संघातला तीन मणाचा गडी मागं रेटला जाऊन त्याच्यावर पडला, तेही ठाऊक होतं. दोन्ही वेळा डॉक्टरनं त्याला यंत्रापुढं बसवलं, शब्द पाठ करायला लावले, आकृत्या ओळखायला लावल्या, आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं.

“ती परीक्षा तू पास कसा झालास?” तिनं विचारलं.

आणि तो हसत हसत बोलून गेला. प्रत्येक खेळाडूला दर जुलैत, डोकं ठिकाणावर असताना, तीच परीक्षा द्यावी लागते. पुढं कधी मार बसला तर त्याच गुणांशी ताडून बघतात. म्हणून पोरं जुलैतच मुद्दाम चुका करतात. येत असलेले शब्द विसरतात, गोल दिसला तर चौकोन म्हणून सांगतात.

“सगळेच करतात, मिस ऑर्लीन. जुलैत ढ राहिलं की ऑक्टोबरात हुशार ठरता येतं. कोचचंच बघून शिकलोय आम्ही.”

त्या संध्याकाळी ऑर्लीननं हे सगळं हॉलिसला सांगितलं. तो व्हरांड्यात उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हातातली शेंग सोलली, दाणे मात्र तोंडात टाकले नाहीत. पुढचे चार दिवस त्यानं या गोष्टीवर ताकास तूर लागू दिली नाही. रोज सकाळी सरावाला गेला, रोज उन्हानं लाल होऊन परत आला, जेवला आणि झोपला. मार्लो रोज खेळतच होता.

ऑर्लीन जीव मुठीत धरून होती, आणि तिला नेमकी कशाची भीती वाटतेय हे तिलाच धड सांगता आलं नसतं. कॉलेजच्या विश्वस्तांचा म्होरक्या कलन अँब्री हा मोटारींचा व्यापारी. जूनमध्येच हॉलिसच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला होता, “आठ सामने, कोच. आठ आणा आणि पुढची चार वर्षं बिनघोर झोपा.” आठ नाही आणले तर काय, हे त्यानं सांगितलं नाही, कारण सांगायला नकोच होतं. हे घर कॉलेजचं. कोच गेला की घर गेलं. या धंद्यापायी ऑर्लीननं सहा गावं पाहिली होती, सहा गावांतले पडदे सातव्या गावातल्या खिडक्यांना आखूड पडताना पाहिले होते. बेल्स फेरीत नऊ वर्षं झाली होती. मॅव्हिस इथलीच झाली होती, ऑक्टोबरात तिचं बाळ येणार होतं. आणि छप्पन्न वर्षांच्या, नुकत्याच काढून टाकलेल्या कोचला काम मिळालंच तर कुठंतरी दूर, जिथं नोव्हेंबरातच बर्फ पडतं अशा ठिकाणी मिळणार.

मार्लो खेळला तर आठ होत होते. नऊसुद्धा.

बुधवारी ती नवऱ्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली होती. ‘माझा ऐकण्यात घोटाळा झाला असेल, पोरगं थट्टा करत असेल,’ असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. ती तशीच परत फिरली. नंतर कपड्यांच्या घड्या घालताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली की घड्या मोडून तिनं पुन्हा घातल्या.

मासा झाला. ऑर्लीननं मक्याचे वडे, कोबीची कोशिंबीर आणि गार गोड चहाचं भांडं टेबलावर मांडलं. पंखा फिरत होता आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. बाहेर झाडांवर किडे किर्र करत होते. हॉलिसनं मान खाली घालून देवाचे आभार मानले, ते यंदा फारच थोडक्यात आटपले.

“हं, काढ गळा,” पहिला तुकडा तोंडात टाकत व्हर्लन म्हणाला. “गुडघ्यांपासून सुरू कर.”

“गुडघे बरे आहेत.”

“अरेच्चा! मग डोळे?”

“डोळेही बरे आहेत.”

व्हर्लननं ऑर्लीनकडे बघून डोळा मिचकावला. “नवीन चाल दिसतेय, मिस ऑर्लीन. बरं, मीच सांगतो. तुझी पुढची फळी पाचच्या पाच परत आलीय. भिंत आहे नुसती.”

“भिंत आहे खरी.”

“आणि बचाव?”

“मागच्या वर्षीपेक्षा बरा आहे.”

व्हर्लन खाता खाता थांबला. नऊ वर्षांत हॉलिसच्या तोंडून त्यानं ‘बरा’ हा शब्द ऐकला नव्हता. त्यानं खुर्ची पुढं ओढली.

“आणि मार्लो? मंगळवारी सरावाला होतो मी. काय फेकतोय रे तो! त्या उंच पोराला मैदानाच्या पार कोपऱ्यात चेंडू असा दिला, जसा आपण शेजाऱ्याला पाव पुढं करतो. तीनदा दिला. एखादी तरी गोष्ट कबूल कर, लेका. माझ्यासमोर नको, निदान देवासमोर.”

हॉलिस एका काट्याच्या मागं लागला होता. तो काढून त्यानं बशीच्या कडेला ठेवला.

“सरावात क्वार्टरबॅकला लाल जर्सी असते, व्हर्लन. लाल जर्सीला कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे. कुणी हात लावणार नसेल तर मीसुद्धा फेकीन.”

“हां! आता कसा मूळ पदावर आलास!” व्हर्लननं आनंदानं वडा उचलला. “आणि त्याच्या मागं कोण आहे? तो नवा? टिली की काय नाव त्याचं?”

“टिली. चांगला मुलगा आहे. मागच्या वर्षापर्यंत शाळेत होता. हेल्मेट अजून डोळ्यांवर येतं त्याच्या.”

“त्याची गरजच कुठं पडणार आहे म्हणा.”

हॉलिस पुढचा काटा शोधू लागला. ऑर्लीननं कुणी न मागता चहा ओतला. व्हर्लनचा पेला भरलेलाच होता. चहा काठावरून वाहून टेबलावर आला, तो तिनं घाईनं रुमालाखाली दडपला.

“बरं, मिस ऑर्लीनच्या माशाशपथ, आता आकडा,” व्हर्लन म्हणाला. तो कधी काही लिहून घेत नाही. लक्षात राहील तेवढंच छापायच्या लायकीचं, असं त्याचं म्हणणं. “मागच्या वर्षी पाच म्हणालास आणि सहाच निघाले. गाव अजून रुसलंय माझ्यावर. यंदा नीट रड.”

हॉलिसनं सुस्कारा सोडला नाही. त्यानं हात पुसले.

“दोन,” तो म्हणाला.

आकडा सांगताना तो व्हर्लनकडे बघतच नव्हता. तो ऑर्लीनकडे बघत होता.

तिला कळायला फार वेळ लागला नाही. मार्लो असला तर आठ. हेल्मेट डोळ्यांवर येणारं टिलीचं पोर असलं तर दोन, फार तर. चार दिवस तिनं ज्या उत्तराची वाट पाहिली होती ते त्यानं पाहुण्याच्या देखत, माशाच्या ताटावरून दिलं होतं. आधी तिला इतकं बरं वाटलं की उठून या माणसाचं टक्कल चुंबावं, आणि त्याच्याच पाठोपाठ तिला हे घर सुटताना दिसलं. मॅव्हिसच्या बाळाला उचलून घ्यायला मग विमानानं यावं लागणार होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि तिच्या हातात चहाचं भांडं तसंच होतं.

“दोन?” व्हर्लनचा घास तोंडातच राहिला.

“दोन.”

“कारणं?”

“कारणं नाहीत. दोन.”

व्हर्लननं टेबलावर असा हात मारला की कोशिंबीर उडाली.

“तीन म्हणाला होतास तेव्हा ढाल आणली होतीस! आणि आता दोन! तेही कारणं न देता! अरे, मला वाटलंच होतं, पण इतकं? बाप रे. हॉलिस, तू तर या वेळी सगळ्यांनाच लोळवणार!”

“व्हर्लन,” ऑर्लीन म्हणाली. “तो खरं सांगतोय.”

“आता तुम्हीसुद्धा!”

“थट्टा नाही. या वेळी तो खरंच खरं सांगतोय.”

व्हर्लन तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नऊ वर्षं तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात, मिस ऑर्लीन. आज दोघं जोडीनं रडताय. म्हणजे प्रकरण किती मोठं असेल!”

“शपथेवर सांगते.”

“बाई चर्चमध्ये पियानो वाजवते आणि शपथ घेते,” व्हर्लन छताकडे बघून म्हणाला. “छापू का हे?”

ऑर्लीननं नवऱ्याकडे बघितलं. आणखी एक वाक्य बोललं असतं तर व्हर्लनचं हसू जागच्या जागी थांबलं असतं. पण ते वाक्य मार्लोच्या डोक्याबद्दलचं होतं, आणि ते पेपरातून कळण्याआधी मार्लोला कळायला हवं होतं. हॉलिसनं तिला मान हलवून नको म्हटलं, आणि व्हर्लनला म्हणाला,

“छाप. मी दोन म्हणालो, असं स्वच्छ छाप.”

व्हर्लन पीचचं गोड पक्वान्न दोनदा मागून घेऊन, शिट्टी वाजवत गेला. त्याच्या गाडीचे दिवे वळणापलीकडे दिसेनासे झाले तरी दोघं दारातच उभी होती. मग ऑर्लीन भांडी घासायला लागली आणि हॉलिस तिच्या शेजारी पुसायला उभा राहिला. हे तो कधी करत नसे.

“चार दिवस मूग गिळून बसला होतास,” ती म्हणाली.

“हिशेब करत होतो.”

“कसला?”

“तो खेळला तर काय, न खेळला तर काय. पहिले तीन सामने खेळवून मग बसवला तर काय. ब्रॅक्सटनपुरता खेळवला तर काय.” बशी कधीच कोरडी झाली होती, तो पुसतच होता. “एकविसाव्या वर्षी ज्या पोराला मागच्या आठवड्यातलं आठवत नाही, त्याचे मी सामने मोजत होतो. काल लक्षात आलं. शिसारी आली स्वतःची.”

ऑर्लीननं पाणी बंद केलं.

“तू त्याला खेळवावंस असं मला वाटत होतं,” ती म्हणाली. “हे तुला सांगून टाकते. मीच तुला सांगितलं, आणि मीच देवाकडे मागत होते की तू ऐकलंच नसशील.”

“ठाऊक आहे. काल दारात येऊन उभी राहिली होतीस.”

“मग काही बोलला का नाहीस?”

“तू बोलली असतीस तर मी ऐकलं असतं,” हॉलिस म्हणाला. “म्हणून मागं वळून बघितलंच नाही.”

ती रडली. रडण्यात घर होतं, लेक होती, नवऱ्यावरचा रागही होता, कारण तो चांगलं वागला की तिचीच पंचाईत करून ठेवायचा. त्यानं ओल्या फडक्यानंच तिचा चेहरा पुसायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं त्याला ढकललं.

“त्याला कधी सांगणार?”

“उद्या.”

शुक्रवारी हॉलिस सगळ्यांच्या आधी मैदानावर गेला आणि दुपारी गेला तसाच परत आला. तो गाडीतून उतरतानाच ऑर्लीनला कळलं, की त्यानं सांगितलेलं नाही.

“मला बघून मार्लो लांबूनच ओरडला,” तो पायरीवर बसत म्हणाला. “म्हणाला, कोच, आज हात पिसासारखा हलका झालाय. आईनं कोंबड्यांच्या कारखान्यातून पहिल्या सामन्यासाठी रजा काढलीय म्हणाला.” त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. “सोमवारी सांगतो.”

“सोमवारी नाही. उद्या सकाळी त्याला इथं न्याहारीला बोलाव,” ऑर्लीन म्हणाली. “मीही असेन. ऑफिसात उभं करून नको सांगूस.”

शनिवारी पेपर आला. हॉलिसनं तो उघडला नाही, पण त्यामुळे काही फरक पडला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या कोचच्या घरासमोर भोंगा वाजवूनच पुढं जात होत्या. समोरच्या केस कापणाऱ्या अर्लनं आपल्या दारातूनच दोन्ही हातांची दहा बोटं उंच करून दाखवली. साडेसातला फोन वाजला. कलन अँब्री होता, आणि त्याचा आवाज ऑर्लीनला चुलीपाशी ऐकू येत होता.

“दोन! लबाडा! सकाळपासून हसतोय मी. आठचं विसरून जा हो, कोच, आठ काय, मी बँडवाल्यांना दहाव्या विजयाची मिरवणूक सांगून ठेवतोय!”

“मिस्टर अँब्री, मी खरंच दोन म्हणालो.”

“तेच तर!” अँब्री म्हणाला आणि फोन ठेवला.

हॉलिस फोनकडे बघत राहिला. आयुष्यभर त्यानं खोटे आकडे सांगितले आणि गावानं त्यातून खरं ते बरोबर काढून घेतलं. आता खरा आकडा घेऊन तो दारोदार फिरला असता तरी कुणी भीक घातली नसती. त्याला हसू आलं, ते ऑर्लीनला अजिबात आवडलं नाही.

मार्लो आला तो पेपराच्या तीन प्रती काखेत मारून. एक स्वतःला, एक आईला, एक आजीला. अंघोळ करून आला होता, केस ओले होते, आणि उन्हाकडे पाठ करून तो खुर्चीत बसला. ऑर्लीननं त्याच्यापुढं अंडी आणि मक्याची पेज ठेवली.

“वाचलंत का?” त्यानं पेपर उघडला. त्याचा फोटो अर्ध्या पानाचा होता, हात मागं खेचलेला, चेंडू सुटायच्या बेतात. “ऐका, ऐका. ‘कोच टार्पली म्हणतात दोन. मिसेस टार्पली तर शपथेवर दोन म्हणतात. याचा अर्थ लहान मुलालाही कळेल. आम्ही दहा म्हणतो, आणि अकरावा केवळ भिडेखातर सोडतो.’” तो खो खो हसला. “मिस ऑर्लीन, शपथ? तुम्ही?”

“जेव आधी,” ऑर्लीन म्हणाली.

त्यानं दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. तो स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हताच. टेबलाखाली त्याचा गुडघा सारखा हलत होता.

“कोच, पेपरातलं राहू दे. आता आपण तिघंच आहोत. खरा आकडा सांगा ना. मी कुणाला सांगणार नाही.”

हॉलिसनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“दोन.”

“ओ कोच!” मार्लोनं टेबलावर थाप मारली. “माझ्याशीसुद्धा?”

“तू असतास तर आठ होते,” हॉलिस म्हणाला. “कदाचित नऊ.”

मार्लोच्या चेहऱ्यावर हसू होतं ते तसंच राहिलं, कारण ते काढायचं असतं हे त्याच्या अजून ध्यानात आलं नव्हतं. त्यानं कोचकडे बघितलं. कोचनं सुस्कारा सोडला नाही, काही लांबण लावली नाही, नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ज्या हातानं तो फेकायचा त्याच खांद्यावर.

“शिष्यवृत्ती कुठं जात नाही. मी या खुर्चीत असेपर्यंत तू संघासोबत राहशील, माझ्या शेजारी उभा राहशील. पण हेल्मेट घालायचं नाही. पुन्हा कधीच नाही.”

मार्लोची मान ऑर्लीनकडे वळली.

“तुम्ही सांगितलंत.”

“हो,” ती म्हणाली. “मी सांगितलं.” तिनं नजर खाली घातली नाही, आणि ते तिला फार जड गेलं.

बाहेर कुणीतरी लांबलचक भोंगा वाजवत गेलं. पोराचा गुडघा हलायचा थांबला होता. त्यानं पेपराची घडी घातली, फोटो आत गेला, मग आणखी एक घडी घातली, आणि ती बशीशेजारी ठेवून तिच्यावर हात दाबून धरला.

“दोन,” तो हळूच म्हणाला. गावासारखं त्यात त्यानं काही मिळवलं नाही.